मांडी घातली तरी उघडणार नाही असा किमोनो रोब: निवडायचा, शिवून घ्यायचा आणि सांभाळायचा कसा

लग्नाच्या साडीवर मॅचिंग शोधताना आपण नाशिकच्या मेन रोडपासून कॉलेज रोडपर्यंत सगळी दुकानं पालथी घालतो, आणि दिवसाचे निम्म्याहून जास्त तास जे अंगावर असतं त्याचा मात्र विचारच करत नाही. घरात विटका गाऊन नाहीतर जुना टी-शर्ट चालवून घ्यायचा, बेल वाजली की ओढणी शोधत पळायचं, ऑफिसचा व्हिडिओ कॉल आला की वरून कुर्ता चढवायचा. किमोनो रोब, म्हणजे जपानी किमोनोच्या धर्तीवरचा पुढून उघडणारा सैल झगा, हा यावर खरोखर चांगला उपाय आहे. आत काहीही असो, वरून रोब चढवला आणि पट्टा बांधला की दूधवाल्यापासून सासऱ्यांच्या मित्रांपर्यंत कुणाहीसमोर सहज जाता येतं.

तरीही अनेकींचा पहिला रोब पंधरा दिवसांत कपाटात जातो. कारणं ठरलेली असतात. बसलं की पुढून उघडतो, बाही आमटीत बुडते, सॅटिन घामाने पाठीला चिकटतं, पट्टा सारखा सुटतो. यातले बहुतेक दोष मूळ जपानी कपड्यात नाहीत. तो कपडा तिकडे शेकडो वर्षं जमिनीवर बसणाऱ्या माणसांनी वापरला आहे. ते शिरतात तयार रोबमध्ये, कापडावर काटकसर करताना. म्हणून खाली जे सांगते आहे त्यात कापड आणि बेतणी यांवरच सगळ्यात जास्त भर आहे. रंग आणि नक्षी तुमच्या आवडीची.

पायरी १: मूळ कपडा कसा बेतलेला असतो ते बघा

किमोनो सरळ पट्ट्यांचा बनतो. त्यासाठी जे कापड विणलं जातं त्याच्या एका तागाला तिकडे 'तान' म्हणतात. तो साधारण १२ मीटर लांब आणि जेमतेम ३६ ते ३८ सेंटीमीटर पन्ह्याचा असतो. एका तागात एका मोठ्या माणसाचा किमोनो होतो. अंगाच्या दोन पट्ट्या, त्या खांद्यावरून मागे-पुढे सलग जातात, दोन बाह्या, पुढच्या बाजूला जोडलेल्या दोन अरुंद पट्ट्या, आणि गळ्याची पट्टी. गोल कापणी जवळपास नाहीच, त्यामुळे कापड वायाही जात नाही.

यातल्या पुढच्या दोन अरुंद पट्ट्यांकडे नीट लक्ष द्या. जपानीत त्यांना 'ओकुमी' म्हणतात. त्यांच्यामुळे पुढचे दोन्ही पदर एकमेकांवर चांगले वीतभर चढतात, आणि खाली बसलं तरी पाय झाकलेले राहतात. बाजारातल्या स्वस्त रोबमधून सगळ्यात आधी गायब होतात त्या याच. मग उरतो तो मधोमध चिरलेला सैल झगा, ज्याचे दोन काठ पोटावर कसेबसे भेटतात.

घरात घालायच्या दृष्टीने किमोनोपेक्षा आपल्याला जवळचा आहे तो यूकाता. सुती, बिनअस्तराचा, मुळात अंघोळीच्या वेळी वापरायचा कपडा. आजही जपानी पारंपरिक विश्रामगृहात उतरलात की खोलीत घडी घालून ठेवलेला यूकाता मिळतो. पुरुष आणि बायका दोघेही तो घालून जेवायला जातात, तसेच झोपतात. म्हणजे हा आरामाचा कपडा आहे ही कल्पना तिकडचीच आहे.

युरोपात हा प्रकार १७व्या शतकात पोहोचला. डच व्यापाऱ्यांना शोगुनच्या, म्हणजे जपानच्या लष्करी शासकाच्या, दरबारातून भेट म्हणून रेशमी, आत मऊ भर घातलेले झगे मिळायचे. ते हॉलंडमध्ये घरात मिरवायची फॅशन झाली. मागणी एवढी वाढली की तसेच झगे आपल्याकडच्या कोरोमंडल किनाऱ्यावरच्या छापील छिटाचे शिवले जाऊ लागले. आपल्या सुती कापडाचा आणि या रोबचा संबंध इतका जुना आहे. पुढे १९व्या शतकाच्या अखेरीस जपाननेच पाश्चात्त्य ग्राहकांसाठी वेगळ्या बेतणीचे ड्रेसिंग गाऊन बनवून निर्यात केले. आजचा किमोनो रोब त्यांचाच वंशज.

मात्र समारंभाचा किमोनो ही वेगळी गोष्ट आहे. आतले थर, ओबी म्हणजे कमरेची रुंद पट्टी, ती बांधायच्या रीती, सगळं शिकून घ्यावं लागतं. तिकडच्या लोकांचं त्याच्याशी मनाचं नातं आहे. २०१९ मध्ये अमेरिकन टीव्ही तारका किम कार्दाशियन यांनी आपल्या अंतर्वस्त्रांच्या ब्रँडला 'किमोनो' हे नाव द्यायचं ठरवलं, तेव्हा क्योटोचे महापौर दाइसाकू कादोकावा यांनी पत्र लिहून फेरविचाराची विनंती केली. नंतर नाव बदलून 'स्किम्स' झालं. आपण घरात रोब जरूर घालावा, फक्त त्याला रोब म्हणावं आणि मूळ कपड्याचा मान ठेवावा.

पायरी २: कुणासाठी आणि कशासाठी, ते आधी ठरवा

अंघोळीनंतर केस वाळेपर्यंत, रात्रीच्या कपड्यांवर, घरून काम करताना, की आजारपणात? उत्तरावर लांबी आणि कापड ठरतं.

एक वापर आपल्याकडे फारसा कुणी लक्षात घेत नाही. बाळंतिणीला आणि ऑपरेशन झालेल्या माणसाला हा कपडा फार सोयीचा पडतो. पूर्ण पुढून उघडतो, त्यामुळे अंगावर पाजताना सोपं जातं, आणि हात वर न करता घालता येतो. खांदा आखडलेल्या आजी-आजोबांना गाऊन डोक्यातून घालताना काय यातना होतात ते ज्यांनी बघितलंय त्यांना याची किंमत लगेच कळेल. अशा वापरासाठी पट्ट्याऐवजी बाजूला नाडीच्या दोन जोड्या शिवून घ्या. पोटावर टाके असतील तर पट्टा नको.

लांबीचं म्हणाल तर पहिला रोब पोटरीपर्यंतचा घ्या. घोट्यापर्यंतचा दिसायला सुंदर असतो, पण ओल्या बाथरूममध्ये त्याचा घेर भिजतो आणि जिन्यात पायाखाली येतो. गुडघ्यापर्यंतचा आत पायजमा असेल तर उत्तम, नाहीतर घरात चार माणसं असताना अवघडल्यासारखं होतं.

पायरी ३: कापड

नाशिकची हवा तीन तऱ्हांची. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, पावसाळ्यात आठ-आठ दिवस कपडे वाळत नाहीत, आणि डिसेंबर-जानेवारीत शहरात हुडहुडी भरते. निफाडकडे तर विचारूच नका. एकच रोब बाराही महिने चालेल असं समजू नका. दोन तरी लागतात.

उन्हाळ्यासाठी मलमल किंवा व्हॉईल. मलमल झिरझिरीत असते, म्हणून गडद रंग किंवा दाट छपाईची घ्या, किंवा कमरेखालच्या भागाला त्याच कापडाचं अस्तर लावा. शंका असेल तर कापडामागे पंजा धरा. बोटं वेगवेगळी मोजता आली तर एकेरी शिवू नका.

बाराही महिन्यांतले नऊ महिने ज्यात निघतील असं कापड म्हणजे केंब्रिक. घट्ट विणीचं, धुण्याला टिकाऊ, शिवायला सोपं. पहिल्यांदा शिवून घेणार असाल तर दुसरा विचार करू नका.

रेयॉन सध्या सगळीकडे आहे. पडतं छान, अंगाला थंड लागतं. पण पहिल्या पाण्यात चांगलंच आटतं, आणि ओलं असताना त्याचा धागा कमजोर होतो, त्यामुळे पिळलं की काही महिन्यांत शिवणीजवळ विरतं. पावसाळ्यात तर ते ओलं जड होऊन दोरीवर लोंबत राहतं. घ्यायचंच असेल तर उन्हाळ्यासाठी घ्या आणि न पिळता निथळत ठेवा.

सॅटिनबद्दल गोंधळ फार. सॅटिन ही विणायची पद्धत आहे, धागा नव्हे. सॅटिन रेशमाचं असतं तसं पॉलिस्टरचंही असतं, आणि दुकानात 'सॅटिन सिल्क' म्हणून जे स्वस्तात मिळतं ते बहुतेक वेळा पॉलिस्टर. उन्हाळ्यात ते घाम शोषत नाही. शंका आली तर कापडाच्या कडेचे दोन धागे काढून घरी ताटलीत, चिमट्यात धरून पेटवा. सुती धागा कागद जळल्याचा वास देत मऊ राख होतो. रेशमाला केस जळल्याचा वास येतो. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो.

थंडीसाठी फ्लॅनेल, किंवा मलमलीचे दोन थर एकत्र शिवलेलं कापड. दुसरा पर्याय मला जास्त आवडतो. दोन थरांत हवा अडकते, ऊब येते आणि वजन होत नाही.

कापड घ्यायला गावात जा. कापडपेठ आणि मेन रोडच्या जुन्या दुकानांत तागातून मीटरवर कापून मिळतं, हात लावून बघता येतं. 'पन्हा किती?' हा पहिला प्रश्न विचारा, कारण ३६ इंची पन्ह्याचं आणि ४४ इंची पन्ह्याचं मीटर सारखं नाही. आपल्याच जिल्ह्यात मालेगावला यंत्रमाग आहेत आणि येवल्याला हातमाग, त्यामुळे इथल्या दुकानदारांना कापडाची जाण चांगली असते. 'धुतल्यावर किती आटेल?' असं स्पष्ट विचारलं की ते स्पष्ट सांगतात.

आणि घरातली जुनी सुती साडी विसरू नका. साडेपाच मीटरच्या साडीत एक रोब आरामात निघतो, शिवाय धुऊन धुऊन मऊ झालेलं तसं सूत विकत मिळत नाही. कापायच्या आधी साडी खिडकीत उजेडापुढे धरा. निऱ्यांचा आणि टाचेजवळचा भाग विरलेला असतो, तो बाजूला काढा. काठ कुठे यायला हवा तेही आधी ठरवा. कापड उभं बेतलं तर काठ पुढच्या उघड्या कडेने खाली उतरतो, आडवं बेतलं तर तो घेराला येतो. आडव्या बेतणीत खांद्यावर जोड द्यावा लागतो आणि लांबी साडीच्या पन्ह्याएवढीच, म्हणजे ४३-४४ इंचच मिळते. पोटरीपर्यंतच्या रोबला ती पुरते. पैठणी मात्र कापू नका, कितीही जुनी असली तरी. जरीचा पदर अंगाला टोचतो, तो रोज धुता येत नाही, आणि तिचं मोल वेगळं आहे.

पायरी ४: तयार रोब घेत असाल तर

दुकानात चार गोष्टी करा. रोब घालून खाली बसा. ट्रायल रूममध्ये स्टूल असेल तर स्टुलावर, नसेल तर उकिडवं. पदर मांडीवरून घसरला तर तो रोब परत ठेवा, कितीही आवडला तरी. मग दोन्ही हात पुढे करून टेबलावरचं काहीतरी उचलल्यासारखं करा आणि बाहीचं तोंड कुठे लोंबतं ते बघा. तिसरं, पट्टा ओवायचे लूप दोन्ही बाजूंच्या शिवणीत पक्के शिवलेत का ते ओढून बघा. चौथं, आतली नाडी. डाव्या बाजूच्या शिवणीला आतून एक आणि उजव्या पदराच्या कडेला एक अशी जोडी असेल तर आतला पदर जागेवर राहतो. ती नसेल तर शिंप्याकडून लावून घ्यायला दहा मिनिटं लागतात.

ऑनलाइन घेताना 'फ्री साइज' या शब्दावर विसंबू नका. मापाच्या तक्त्यात रोबच्या छातीचा घेर दिलेला असतो. तुमच्या नितंबाच्या घेरापेक्षा तो किमान १६ ते १८ इंच जास्त हवा. तेवढा नसेल तर पदर चढणार नाही. तक्ताच नसेल तर घेऊ नका.

पायरी ५: शिवून घेत असाल तर

मला विचाराल तर हाच मार्ग चांगला. आपल्याकडे गल्लोगल्ली शिंपी आहेत, आणि हा कपडा ब्लाऊजच्या मानाने अगदी सोपा आहे. अडचण वेगळीच येते. आपल्या टेलरकाकांचा हात वर्षानुवर्षं मुंढा, म्हणजे बाही जोडायचा भाग, गोल कापायला आणि खांदा उतरता द्यायला सरावलेला असतो. तुम्ही नुसतं 'किमोनो शिवा' म्हणालात तर ते पुढून उघडा गाऊन शिवून देतील. म्हणून मापं लिहून न्या आणि सांगताना असं सांगा:

"काका, याला मुंढा नको. खांद्याला उतार नको, जोडही नको. पाठ आणि पुढा सलग ठेवा, आणि बाही सरळ चौकोनी, तशीच जोडा."

"मग काखेत बसणार कसं, ताई? झोळ येईल."

"झोळ हवाच आहे, काका. सैलच ठेवायचंय."

हे बोलणं झाल्यावर मापं. नमुना म्हणून नितंबाचा घेर ४० इंच आणि उंची साधारण सव्वापाच फूट धरू.

अंग: घेर ४० त्यात १० मिळवा, म्हणजे ५०. त्याचा अर्धा २५. ही तयार पाठीची रुंदी. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच माया (शिवणीसाठी जादा कापड) धरून २६ इंच कापा. लांबी खांद्यापासून ४२ इंच, खाली दुमडायला अडीच इंच. सलग असल्याने दुप्पट, म्हणजे ८९ इंच.

पुढा मधोमध उभा चिरायचा. मागचा गळा मध्यापासून दोन्हीकडे तीन-तीन इंच आणि खोली पाऊण इंच, जास्त नाही.

जादा पट्ट्या: ७ इंच रुंद, ४४ इंच लांब, दोन. पुढच्या चिरलेल्या प्रत्येक कडेला एक. खालपासून कंबरेपर्यंत ही पट्टी पूर्ण रुंद राहते. कंबरेच्या वर गळ्याच्या टोकाकडे तिरकी रेघ आखून जास्तीचं कापायचं. ही तिरकी रेघ म्हणजेच रोबचा 'व्ही' गळा. शिंपी इथे 'एवढं कापड कशाला?' असं नक्की विचारतील. ठाम राहा. या चौदा इंचांसाठीच आपण शिवून घेतोय.

बाही: सरळ तुकडा, घेर २० इंच, लांबी साडेतेरा इंच कापायची, म्हणजे तयार १२. आकडा लहान वाटेल, पण अंग रुंद असल्याने बाही जोडायची शिवण दंडावर चार-पाच इंच खाली येते. तिथून १२ इंच म्हणजे कोपराच्या खाली बरोबर पाऊण हात. मनगटापर्यंत हवी असेल तर १६ करा.

गळपट्टी: ५ इंच रुंद कापून दुमडून तयार २ इंच. एका पुढ्याच्या खालच्या टोकापासून गळ्यावरून दुसऱ्या टोकापर्यंत सलग. जोड मानेच्या मागे मध्यावर घ्या. मानेजवळच्या भागात आतून पातळ कॅनव्हास घाला, नाहीतर पट्टी चुरगळून बसते.

पट्टा: ४ इंच रुंद कापून दुपेडी. लांबी कंबरेच्या घेराच्या दुपटीपेक्षा थोडी जास्त.

खिसे: एक नव्हे, दोन. एक मोबाइलचा, एक रुमालाचा. हात सरळ सोडल्यावर मनगट येतं त्याच्या जरा खाली. कड दुहेरी शिवून घ्या, मोबाइलच्या वजनाने तिथेच आधी उसवतं.

एवढ्याला ४४ इंची पन्ह्याचं ३ मीटर कापड पुरतं. ३६ इंची असेल तर ४ मीटर घ्या. घोट्यापर्यंत लांब हवा असेल तर ४४ इंचीतलंच साडेतीन.

शिवायला टाकायच्या आधी कापड रात्रभर साध्या पाण्यात बुडवून ठेवा, सावलीत वाळवा आणि इस्त्री करा. 'पाण्यातून काढून आणलंय' हे शिंप्याला सांगा. हा टप्पा गाळला तर वर दिलेली सगळी मापं पहिल्या धुण्यात बदलतात.

काखेतला कोपरा ही या कपड्याची एकच कमजोर जागा. तिथे बाही आणि अंग काटकोनात मिळतं, ताण सगळा त्या बिंदूवर येतो. बायकांच्या अस्सल किमोनोत बाहीखाली शिवण थोडी उघडीच सोडलेली असते. घरच्या रोबमध्ये तसं उघडं नको, त्याऐवजी कोपऱ्यावर आतून इंचभर कापडाचा तुकडा ठेवून दुहेरी टीप मारून घ्या.

पायरी ६: घालायचा कसा

उजवा पदर आधी आत, डावा वरून. बाई असो की पुरुष, हाच क्रम. उजवा पदर वर घेणं जपानमध्ये फक्त मृताला कपडे घालताना करतात. घरात कुणी बघणार नाही हे खरं, पण फोटो टाकणार असाल किंवा कधी जपानला जाऊन यूकाता घालणार असाल तर हात आत्तापासून योग्य क्रमालाच लागू द्या. शर्टाच्या बटणांच्या सवयीने बायकांचा हात बरेचदा उलट जातो.

उजवा पदर डाव्या कमरेपर्यंत नेऊन आतली नाडी बांधा. डावा पदर उजव्या कमरेपर्यंत आणा. मग पट्टा समोरून मागे, मागे अदलाबदल, पुन्हा पुढे. दोन वेढे घेतले की कापडाला कापड धरून बसतं आणि पट्टा सुटत नाही. गाठ मधोमध नको, कुशीवर घ्या. पालथं झोपलं किंवा टेबलाला टेकलं तर टोचत नाही. बायकांनी पट्टा बेंबीच्या जरा वर, पुरुषांनी पोटाखाली, कमरेच्या हाडांवर बांधावा. पुरुषांचं पोट वर सुटं राहिलं की बसताना आवळत नाही.

आत काय घालायचं? उन्हाळ्यात सुती स्लिप किंवा बनियन आणि तीन-चतुर्थांश पायजमा. थंडीत पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट. व्हिडिओ कॉल असेल तर एकरंगी गोल गळ्याचा टॉप आत घाला आणि गळपट्टी सरळ करून घ्या. कॅमेऱ्यात तेवढंच दिसतं.

पायरी ७: स्वयंपाकघरात

हे लक्ष देऊन वाचा. लोंबती बाही आणि गॅसची ज्योत यांची गाठ पडता कामा नये. मागच्या शेगडीवरचं भांडं उतरवताना हात पुढच्या ज्योतीवरून जातो, त्या क्षणी बाही खाली लोंबलेली असते. सुती कापड पेट घेतं; पॉलिस्टर पेटतं आणि वितळून कातडीला चिकटतं, म्हणून ती जखम जास्त खोल होते. सॅटिनचा पॉलिस्टर रोब घालून शेगडीपुढे उभं राहूच नका, चहापुरतंसुद्धा नाही.

सुती रोबची बाही पाऊण हातच ठेवा. तीही रुंद वाटली तर जपानी बायकांची जुनी युक्ती आहे, 'तासुकी'. साधारण दोन-सव्वादोन मीटरची नाडी घ्या. एक टोक तोंडात किंवा डाव्या हातात धरा. नाडी डाव्या काखेखालून पाठीवर, पाठीवरून तिरकी उजव्या खांद्यावर, पुढे येऊन उजव्या काखेखालून पुन्हा पाठीवर, आणि तिथून तिरकी डाव्या खांद्यावरून पुढे. पाठीवर फुली पडते. दोन्ही टोकं डाव्या खांद्याजवळ पुढे बांधली की बाह्या वर ओढल्या जाऊन दंडाशी आवळून बसतात. दोन-चारदा केलं की हात बसतो. नाडी ओट्याजवळच्या खुंटीलाच अडकवून ठेवा.

रोज दोन वेळचा पूर्ण स्वयंपाक करणारीने मात्र रोब काढून ठेवावा हेच बरं. फोडणीचे शिंतोडे हळदीसकट बसतात ते जात नाहीत.

पायरी ८: धुणं आणि वाळवणं

पहिली तीन धुणी वेगळी, गार पाण्यात. रंग जातोय का हे बघायला पांढरा ओला रुमाल आतल्या शिवणीवर घासा. मशिनमध्ये टाकताना पट्टा काढून वेगळा, आणि रोब उलटा करून जाळीच्या पिशवीत. पट्टा तसाच ठेवला तर तो सगळ्या कपड्यांना गुंडाळून बसतो.

वाळत घालायला जपानी पद्धत आपल्या गॅलरीत अगदी बसते. एका बाहीतून बांबूची काठी घालून दुसऱ्या बाहीतून काढायची आणि काठी दोन्ही टोकांना टांगायची. रोब पूर्ण पसरून वाळतो, इस्त्री जेमतेम लागते. पावसाळ्यात पंख्याखाली टांगायलाही हीच रीत चांगली. छापील सुती कापड कडक उन्हात घालू नका.

घडीही शिवणीवरून घालायची. रोब जमिनीवर पसरा, बाजूच्या शिवणी एकमेकींवर आणा, बाह्या मागे दुमडा, मग लांबी निम्मी करा. सगळं सरळ असल्याने नीट चौकोन होतो.

पायरी ९: गळपट्टीची काळजी

आपल्याकडे केसांना तेल लागतं, आणि रोबमध्ये सगळ्यात आधी खराब होते ती मानेमागची पट्टी. तिथे तेल आणि घाम मिळून पिवळा पट्टा उमटतो, आणि त्यासाठी अख्खा रोब घासून घासून आपण त्याचं आयुष्य कमी करतो. जपान्यांनी हा प्रश्न फार शहाणपणाने सोडवला आहे. किमोनोच्या गळपट्टीवर मानेजवळ आणखी एक पट्टी बसवलेली असते, जी झिजली की बदलता येते. खरं तर अख्खा किमोनोच हाताने धावदोऱ्याने शिवलेला असतो आणि जुन्या पद्धतीत तो पूर्ण उसवून, पट्ट्या सुट्या धुऊन, ताणून वाळवून पुन्हा शिवत. आपल्याला एवढं करायची गरज नाही. गळपट्टीपुरतं करा.

उरलेल्या कापडातून, किंवा शोभेल अशा दुसऱ्या रंगाच्या केंब्रिकमधून, साडेपाच इंच रुंद आणि ३० इंच लांब पट्टी कापा. दोन्ही लांब कडा आणि दोन्ही टोकं अर्धा-अर्धा इंच आत दुमडून इस्त्री करा, म्हणजे तयार रुंदी साडेचार इंच राहते. तिचा मध्य रोबच्या मानेमागच्या मध्यावर ठेवून गळपट्टीवर वरून पांघरल्यासारखी बसवा, निम्मी बाहेर, निम्मी आत. टाचण्या लावा. मग सुईत एकेरी दोरा ओवून बाहेरून लांब-लांब धावदोरा घाला, बोटाच्या पेराएवढे टाके चालतील. आतून थोडे जवळ घ्या, नाहीतर हात घालताना बोट अडकतं. दोऱ्याला शेवटी मोठी गाठ नको, दोन उलटे टाके पुरेत, म्हणजे ओढलं की सुटतो. अशा दोन पट्ट्या करून ठेवा. दर आठवड्याला एक उसवून गरम साबणाच्या पाण्यात भिजवा, दुसरी टाचा. डोक्याला तेल लावायच्या दिवसासाठी गडद रंगाची वेगळी ठेवली तर उत्तम.